लाचेनचा धडा

लाचेन हे उत्तर सिक्कीममधील हिमालयाच्या कुशीतले लहानसे गाव. गुरुडोंगमार सरोवराकडे जाणारे प्रवासी येथे मुक्काम करतात. त्यांनी टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या साचू लागल्या, तेव्हा २०१२ च्या सुमारास ‘झुमसा’ या तेथील परंपरागत ग्रामसभेने बाटलीबंद पाणीच गावात वर्ज्य केले.

१ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या, चमचे यांवर देशभर बंदी आहे. तरीही आपल्या पंगतींत ते दिसतातच. कारण कायदा घरोघरी पहारा देऊ शकत नाही. पूर्वी अनेक गावांत देवळात सामायिक भांडी असत व लग्नकार्ये त्यांवरच पार पडत. आपल्या आळीनेही वर्गणी काढून शंभर ताटे-पेले का ठेवू नयेत? धुण्याचे श्रम वाटून घेतले, म्हणजे ते हलकेच होतात.