एक दाब, एकच मोजणी

बटण एकदां दाबलें असतां यंत्रानें तें एकदांच मोजावें, ही अपेक्षा साधी दिसते. परंतु ती आपोआप पूर्ण होत नाहीं. बटणांतील धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आदळतांच चेंडूप्रमाणें उसळतात, आणि स्थिर होण्यापूर्वीं त्यांचा संपर्क अनेकदां जुळतो व तुटतो. हा खेळ बहुधा १० मिलिसेकंदांच्या आंत संपतो. आपल्या डोळ्यांस तो दिसत नाहीं. परंतु सेकंदांत लाखों सूचना पाळणाऱ्या मायक्रोकंट्रोलरास एकच दाब पांच-सात दाबांसारखा भासूं शकतो. आमच्या शहरालगत चिकलठाणा व वाळूज येथें अनेक कारखाने आहेत. जेथें बटणाच्या दाबावर माल मोजला जातो, तेथें या उसळीमुळें न बनलेला मालही हिशेबांत चढेल. म्हणून तिचें निवारण, म्हणजेच डिबाउन्सिंग, अवश्य आहे.

त्याचे मार्ग दोन. पहिला हार्डवेअरचा. आमच्या पाणचक्कीच्या हौदांत वरून धार कोसळते. पृष्ठभाग हेलावतो, पण हौदाची पातळी क्षणांत चढत-उतरत नाहीं. कपॅसिटर हा विजेचा असाच हौद होय. १० किलोओहमचा रेझिस्टर व १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडल्यास १० मिलिसेकंदांचा कालांक मिळतो, व लहान उसळ्या त्यांत विरून जातात. मात्र त्यामुळें विद्युद्दाब हळूहळू बदलतो; म्हणून ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असा स्पष्ट निर्णय देणारें श्मिट ट्रिगर हें मंडल पुढें जोडावें लागतें. अमेरिकन शास्त्रज्ञ ऑटो श्मिट यांनीं तें १९३४ सालीं, विद्यार्थिदशेंत, शोधिलें.

दुसरा मार्ग सॉफ्टवेअरचा. पहिल्या बदलावर विश्वास न ठेवतां यंत्रानें दर ५ मिलिसेकंदांनीं बटण पाहावें, आणि सलग चार वेळां एकच उत्तर आल्यासच तें खरें मानावें. इतका अल्प विलंब माणसास जाणवत नाहीं. यांत सुटा भाग एकही लागत नाहीं. आणि बटण झिजून अधिक उसळूं लागल्यास प्रोग्रॅममधील एक आंकडा बदलला कीं काम होतें.

मग निवड कशी करावी? मायक्रोकंट्रोलर आधींच असेल व बटण माणूस दाबणार असेल, तर सॉफ्टवेअर पुरेसें आहे, असें आम्ही समजतों. बटण थेट मोजणीच्या मंडलास जोडलेलें असेल, तर तेथें प्रोग्रॅमच नसल्यानें हार्डवेअर हवें. मोठ्या मोटारींजवळून लांब तारा जात असतील, तर दोन्ही मार्ग योजावे. आणि संकटसमयीं यंत्र थांबविणारें बटण? तें प्रोग्रॅमवर अवलंबून ठेवूंच नये. संपर्क प्रथम तुटतांच यंत्राची वीज तुटली पाहिजे. थांबण्याची आज्ञा दोनदां गेल्यानें कांहीं बिघडत नाहीं, परंतु ती न पोहोंचल्यास कामगाराचा हात जाऊं शकतो.

तेव्हां, कोणती चूक अधिक महाग पडेल, हें विद्यार्थ्यांनीं प्रथम विचारावें; मार्गाची निवड त्यानंतर कठीण राहत नाहीं.