उभ्या गाडीची बॅटरी कोण खातं?

टिटवाळ्याहून लोकलने मुंबई गाठणाऱ्यांची कार आठवडाभर इमारतीखाली उभीच. रविवारी किल्ली फिरवली, की नुसती टकटक! लगेच नवी बॅटरी घेऊ नका. बॅटरी चार्ज करून काही तासांनी मल्टिमीटर लावा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन सुरू असताना आकडा १४ च्या आसपास हवा. नसेल तर अल्टरनेटर तपासा.

दोन्ही ठीक? मग वीज गळतेय. घड्याळ, सेंट्रल लॉक मिळून ५० मिलिअँपिअरपर्यंत खातात, ते चालतं. पण नंतर बसवलेला डॅशकॅम अर्धा अँपिअर ओढत असेल, तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन दिवसांत रिकामी. निगेटिव्ह वायर काढून मध्ये अँपिअरवर लावलेला मीटर जोडा, अर्धा तास थांबा, एकेक फ्यूज काढा. आकडा घसरला, तिथे चोर. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मात्र मारू नका. मीटरचा फ्यूज जाईल.