चौदा आणे तयार

सकाळी साडेसहा. एप्रिलात देवगडला दहानंतर बागेत उभं राहवत नाही, म्हणून आधी काढणी. गडी झेला लावून एकेक फळ देठासकट उतरवतात. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. हापूस झाडावर पुरता पिकू द्यायचा नाही. चौदा आणे तयार झाला की काढायचा, उरलेले दोन आणे आढीत. हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक. मोबाईलवर आंब्याचं काही टाकायचं म्हटलं की मात्र सगळ्यांना सोळा आणे हवे, मला धरून.

आठ. चहाआधी एक व्हिडिओ. आंबा, हात, मागे कलम, एवढंच. कोंबडा आरवला तरी तोच ठेवायचा. मोहोराच्या दिवसांतले कितीतरी तुकडे फोनमध्ये पडून आहेत. एकात माझा आवाज चिरका, दुसऱ्यात मागच्या दोरीवर परकर. आता पेट्या भरायच्या वेळेला मोहोर दाखवून काय करू?

साडेनऊ ते एक. वर्गवारी. इथे मात्र मी कुणाचं ऐकत नाही. वजनाप्रमाणे आंबे वेगळे, डागी बाजूला, पेटीवर पाच डझन लिहिलं तर आत ६० मोजूनच. फळं पिकवायला कार्बाइड वापरायला कायद्याने बंदी आहेच, आमच्या आढीत नुसता पेंढा. गरातला साका बाहेरून दिसत नाही, म्हणून मी सरळ लिहिते: साका निघाला तर फोटो पाठवा, फळ बदलून देऊ. ‘काकी, जाहिरातीत कोणी असं लिहितं का?’ असं पुतण्या म्हणतो. त्याला गिऱ्हाईक फोनवर काय बोलतं ते ऐकावं लागत नाही.

दोन. जेवण उरकून मजकूर. भाव, वजन, पेटी निघायची तारीख पुन्हा पुन्हा तपासते. विशेषणांवर वेळ घालवत नाही. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी परराज्यातला आंबा देवगडच्या नावाच्या पेटीत भरून विकला जातोच. खोक्यावर नाव कोणीही छापील. मुंबईच्या गिऱ्हाइकाला फळ कुठल्या कलमावरचं ते बघायचं असतं, आणि ते हलत्या हातानं काढलेल्या व्हिडिओत जास्त खरं दिसतं. पुतण्याने मागे एक चकचकीत फोटो करून दिला होता. तो कुणाच्याही बागेचा वाटला असता.

चार. टाकायची वेळ. बोट अजून अडतंच. सासूबाई खळ्यातून ओरडतात, ‘बरां दिसता गो, टाक आता!’ व्हॉट्सॲपचं स्टेटस चोवीस तासांत जातं, म्हणून सुरुवात तिथून केली. फसलं तरी उद्या दिसणार नाही. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण ज्यांनी आपला नंबर जतन केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून प्रत्येक पेटीत नंबराची चिठ्ठी घालते.

रात्री नऊ. उत्तरं देणं. ठाण्याच्या एक बाई विचारतात, ‘पेटी हिरवी आली तर फ्रिजमध्ये ठेवू का?’ नको, पिकेपर्यंत बाहेर, पेंढ्यातच राहू द्या, असं लिहिलं. हाच प्रश्न दरवर्षी येतो. उद्या आठ वाजता आढीपाशी उभी राहून हेच सांगते; परकर वाळत असला तर असू दे.