ध्वनिमुद्रिकेची आवृत्ती : रॉबर्ट जॉन्सनच्या गीतांचे तीन संग्रह

जुन्या ध्वनिमुद्रिकांचे पुनःप्रकाशन हे केवळ यांत्रिक काम होय, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. तबकडी म्हणजे कागदावरील मजकूर नव्हे. तीत गायकाचा प्रत्यक्ष आवाज असतो. तो नव्या तबकडीवर उतरवून घेतला की काम झाले. लेखनिकाच्या हातून होतात तशा चुका येथे संभवत नाहीत, प्रक्षेप संभवत नाहीत, आणि म्हणून पाठनिर्णयाचा प्रश्नही उद्भवत नाही, अशी ही विचारसरणी आहे. ग्रंथांच्या पाठचिकित्सेशी ज्यांचा नित्य परिचय आहे त्यांनाही ती सहज पटते. प्रत्यक्षात अमेरिकेतील ब्लूज गीतांच्या संकलनांचा इतिहास पाहिला, तर संपादकाने केलेली निवड आणि त्याने स्वीकारलेला पाठ यांनी एका गायकाची प्रतिमाच नव्हे, तर एका संपूर्ण गीतप्रकाराची कल्पना घडविल्याचे दिसते. मिसिसिपी राज्यातील गायक रॉबर्ट जॉन्सन याच्या गीतांचे १९६१, १९७० व १९९० या वर्षी निघालेले तीन संग्रह हे याचे ठळक उदाहरण आहे.

जॉन्सनची ध्वनिमुद्रणे दोनच प्रसंगी झाली : नोव्हेंबर १९३६ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील गंटर हॉटेलात आणि जून १९३७ मध्ये डॅलस येथे. १६ ऑगस्ट १९३८ रोजी मिसिसिपीतील ग्रीनवुडजवळ त्याचा मृत्यू झाला. त्याची एकूण गीते २९. परंतु त्या काळच्या पद्धतीप्रमाणे एकच गीत बहुधा दोनदा गाऊन घेत आणि त्यांतील एक मुद्रण विक्रीसाठी निवडीत. या प्रत्येक मुद्रणाला ध्वनिमुद्रण-व्यवसायात ‘टेक’ म्हणतात. येथे त्यास ‘पाठ’ म्हणणे सोयीचे होईल. जॉन्सनच्या २९ गीतांचे ४२ पाठ उपलब्ध आहेत. दोन पाठ कधी जवळजवळ सारखे असतात, तर कधी गती बदलते, शब्द बदलतात, एखादे कडवे येते वा गळते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचीच जागा असे, हेही लक्षात घेतले पाहिजे. रंगभूमीवर रात्र रात्र रंगणारी नाट्यपदे तबकडीसाठी कशी आवरती घ्यावी लागत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या बंधनाची कल्पना वेगळी सांगावयास नको. ब्लूज गायकाला तर ते अधिकच जाचक असे. कारण या प्रकारात कडव्यांची संख्या ठरलेली नसते. पहिली ओळ, तिचीच पुनरुक्ती, आणि तिसऱ्या ओळीत समारोप असे स्वतंत्र कडवे जितकी सुचतील तितकी जोडता येतात. तबकडीवरील पाठ हा अशा वाहत्या गीतातून कापून घेतलेला एक तुकडा असतो.

हे तुकडे पुढच्या पिढीपर्यंत कसे पोहोचले, याची कथा हस्तलिखितांच्या कथेहून फारशी वेगळी नाही. कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांपैकी ‘पॅरामाउंट’ ही विस्कॉन्सिन राज्यातील एका खुर्च्या बनविणाऱ्या कारखान्याची शाखा होती. तिचे धातूचे साचे पुढे मोडीत गेले. त्यामुळे चार्ली पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स यांचे तिने मुद्रित केलेले गायन आज ऐकू येते ते केवळ लोकांच्या घरी झिजून झिजून उरलेल्या तबकड्यांवरून. या नाशात हिंदुस्थानचाही एक दूरचा संबंध आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीतील बंधक द्रव्य म्हणजे लाख, आणि ती मुख्यतः हिंदुस्थानातून जाई. महायुद्धामुळे हा पुरवठा अडचणीत येताच एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकेच्या युद्धोत्पादन मंडळाने तबकड्यांसाठी वापरावयाच्या लाखेत ७० टक्के कपात केली. कंपन्या जुन्या तबकड्या परत घेऊन त्या दळून त्यांच्याच नव्या तबकड्या करू लागल्या. ताम्रपट वितळवून भांडी करावीत, तसाच हा प्रकार. जॉन्सन या बाबतीत सुदैवी ठरला. त्याच्या तबकड्या ‘व्होकॅलियन’ या नावाखाली निघाल्या होत्या. त्या काढणारी मूळ कंपनी १९३८ च्या अखेरीस कोलंबिया समूहाकडे गेली आणि त्याचे अप्रकाशित पाठही बऱ्याच अंशी तेथे जपले गेले.

१९५२ मध्ये हॅरी स्मिथ याने ‘फोकवेज’ कंपनीसाठी १९२७ ते १९३२ या काळातील ८४ ध्वनिमुद्रणांचा संग्रह तीन भागांत काढला. त्यात कोणता गायक गोरा आणि कोणता काळा, हे त्याने मुद्दामच नमूद केले नाही. तबकड्यांच्या व्यापाऱ्यांनी वंशानुसार पाडलेले कप्पे एका संपादकीय निर्णयाने मोडले गेले. १९५९ मध्ये सॅम्युएल चार्टर्स याने खास ब्लूज गीतांचे संकलन केले. गीतांची निवड करताना मूळ श्रोत्यांना कोण आवडत होते याकडे त्याचे लक्ष होते. त्यावर काही संग्राहकांनी १९६० च्या सुमारास ‘खरे ब्लूज हे’ अशा आशयाचे नाव देऊन दुर्मिळ तबकड्यांचा प्रतिसंग्रह काढला. जे लोकप्रिय ते प्रातिनिधिक, की जे दुर्मिळ व उत्कट ते श्रेष्ठ? हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही, आणि जॉन्सनचा पहिला संग्रह याच वादाच्या छायेत निघाला.

१९६१ मध्ये कोलंबियाने ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’ या नावाने जॉन्सनची १६ गीते एका लाँग-प्ले तबकडीवर प्रसिद्ध केली. निवड फ्रँक ड्रिग्ज याची होती. गायकाचे एकही छायाचित्र तेव्हा प्रसिद्ध झालेले नसल्याने वेष्टनावर चित्र छापले गेले. निवडलेल्या १६ गीतांत ‘हेलहाउंड ऑन माय ट्रेल’, ‘मी अँड द डेव्हिल ब्लूज’, ‘क्रॉस रोड ब्लूज’ ही एकाकी, भयग्रस्त गीते आहेत. हयातीत त्याची सर्वांत अधिक खपलेली, मोटारगाडीच्या मिषाने शृंगार रंगविणारी ‘टेराप्लेन ब्लूज’ ही रचनाही आहे. परंतु काय वगळले हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. ‘दे आर रेड हॉट’ हे खेळकर, जलद चालीचे गीत वगळले. ‘स्वीट होम शिकागो’ आणि ‘आय बिलीव्ह आय विल डस्ट माय ब्रूम’ हीही वगळली. ही दोनच गीते जॉन्सनच्या मृत्यूनंतर कृष्णवर्णीय गायकांच्या व्यवहारात सर्वाधिक जिवंत राहिली होती. दुसरे तर एल्मोर जेम्सच्या १९५१ च्या तबकडीने घरोघर पोहोचविले होते. म्हणजे ज्या समाजासाठी ती गायिली गेली, त्या समाजाने जपलेला जॉन्सन नेमका या संग्रहात नव्हता. वगळलेली १३ गीते १९७० च्या दुसऱ्या खंडात आली खरी, पण तोवर नऊ वर्षे उलटली होती. एरिक क्लॅप्टन, कीथ रिचर्ड्स आदी इंग्लंडमधील तरुण वादकांच्या मनात १९६१ चा जॉन्सन पक्का बसला होता.

जॉन्सनने सैतानाला आत्मा विकून गिटारची विद्या मिळविली, ही प्रसिद्ध दंतकथा याच दशकात बळावली. तिचे स्थळ म्हणून चौरस्ता दाखविला जातो. मात्र ‘क्रॉस रोड ब्लूज’ या गीतात सैतान कोठेच नाही. तेथे चौरस्त्यावर गुडघे टेकून देवाची करुणा भाकणारा आणि सूर्य मावळण्यापूर्वी कोणी तरी वाहनात घ्यावे म्हणून धडपडणारा एक माणूस आहे. दक्षिणेतील परक्या गावी काळ्या माणसाला अंधारात सापडणे किती धोक्याचे होते, हे ध्यानात घेतले की या भीतीला सैतानाची गरज उरत नाही. सैतानाचा उल्लेख असलेली गीते त्याच तबकडीवर शेजारी असल्यामुळे हा अर्थ त्या गीताला चिकटला, असे म्हणावयास हरकत नाही. शेजारच्या श्लोकावरून अर्थ ओढण्याची सवय आपल्याकडील टीकाकारांनाही नवीन नाही.

याच गीताचे दोन पाठ आहेत. १९३७ मध्ये ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर विकला गेलेला पाठ १९६१ च्या संग्रहात नाही. तेथे दुसरा, तोवर अप्रकाशित असलेला, संथ पाठ घेतला गेला. गती संथ म्हणून जागा अपुरी पडली आणि पहिल्या पाठातील एक कडवे यात राहून गेले. ज्यांनी १९३७ मध्ये तबकडी विकत घेतली आणि ज्यांनी १९६१ मध्ये घेतली, त्या दोन श्रोतृवर्गांनी एकाच नावाची दोन गीते ऐकली. पुढे १९६८ मध्ये क्लॅप्टनच्या ‘क्रीम’ या वाद्यवृंदाने हे गीत सादर केले, तेव्हा त्यात ‘ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज’ या गीतातील रोझडेल गावाचा उल्लेख असलेले कडवे घातले. हे दुसरे गीतही प्रथम १९६१ च्याच संग्रहात प्रसिद्ध झालेले होते. पाठचिकित्सेच्या परिभाषेत हा शुद्ध मिश्रपाठ होय, आणि रोझडेल येथेच तो चौरस्ता आहे असे मानणारे लोक या मिश्रपाठाचेच वाचक आहेत.

१९९० चा ‘द कम्प्लीट रेकॉर्डिंग्ज’ हा संग्रह निराळ्या भूमिकेतून निघाला. त्यात सर्व २९ गीते व तोवर हाती असलेले ४१ पाठ मुद्रणाच्या क्रमाने, एका गीताचे दोन पाठ लागोपाठ ठेवून दिले आहेत. सलग ऐकणाऱ्यास ही मांडणी कंटाळवाणी वाटते. तळटीपांसह महाभारत मोठ्याने वाचल्यासारखेच ते आहे. परंतु अभ्यासकास पाठभेद प्रथमच शेजारी शेजारी मिळाले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सुकथनकरांच्या मार्गदर्शनाखाली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जे धोरण अवलंबिले त्याचा हेतू हाच होता : निर्णय संपादकाने घ्यावा, पण पुरावा वाचकापासून लपवू नये. विशेष म्हणजे या भारी संग्रहाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. ‘संपूर्ण’ हे नाव मात्र फार काळ टिकले नाही. ४२ वा पाठ नंतर सापडला आणि १९६१ च्या संग्रहाच्या १९९८ मधील पुनर्मुद्रणात तो जोडला गेला. तो ‘ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज’चाच होता.

१९९० च्या संग्रहासोबत गीतांचे शब्दही छापले गेले, आणि येथे भाषाशास्त्राचा प्रत्यक्ष संबंध येतो. या गायकांच्या बोलीत शब्दान्तीची व्यंजने बऱ्याचदा गळतात, स्वरानंतरचा रकार उच्चारला जात नाही. त्यात तबकडीची खरखर. शब्द ऐकू येत नाही तेथे लिहून घेणारा समांतर उदाहरणांकडे वळतो. मायकेल टाफ्ट याने १९८३ मध्ये दोन हजारांवर ब्लूज गीतांचा संग्रह व त्यानंतर त्यांची शब्दसूची प्रसिद्ध केली. तीवरून हे गायक ठरीव अर्धओळींचा किती मोठा साठा समाईक वापरीत होते हे स्पष्ट होते. जॉन्सनने स्वतः कोकोमो आर्नल्डच्या १९३४ च्या तबकडीवरून ‘स्वीट होम शिकागो’ व स्किप जेम्सच्या गीतावरून ‘थर्टी-टू ट्वेंटी ब्लूज’ रचले. परंतु समांतर उदाहरणांचा आधार दुधारी असतो. अस्पष्ट जागी ओळखीची अर्धओळ बसविण्याचा मोह होतो आणि गायकाने मुद्दाम केलेला बदल पुसला जातो. दोन पाठांपैकी अवघड पाठ बहुधा मूळचा असतो, हा संपादनशास्त्राचा नियम कानाने ऐकलेल्या शब्दालाही लागू करावयास हवा. जॉन्सनचे वैशिष्ट्य उसन्या ओळीत त्याने केलेल्या अशा लहान फेरफारांतच आहे, ही गोष्ट पाहता यातील हानी किरकोळ नव्हे.

शब्द नीट ऐकण्याचे फळ किती ठोस असू शकते, याचे एक उदाहरण येथे नमूद करण्याजोगे आहे. हॅरी स्मिथच्या संग्रहातील मिसिसिपी जॉन हर्ट या गायकाला पुष्कळ श्रोते गोरा समजत. त्याचा ठावठिकाणा कोणास माहीत नव्हता. त्याच्या १९२८ च्या ‘अव्हॅलन ब्लूज’ या गीतातील गावाचे नाव शब्दशः खरे मानून टॉम हॉस्किन्स हा संग्राहक १९६३ मध्ये मिसिसिपीतील अव्हॅलन येथे गेला. हर्ट तेथेच राहत होता. त्यानंतर १९६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने पुन्हा गायन केले.

जॉन्सनच्या तबकड्या मूळ गतीहून जलद मुद्रित झाल्या आणि त्याचा खरा आवाज खालच्या पट्टीतला होता, असे मत अलीकडे काहींनी मांडले आहे. सॅन अँटोनियो व डॅलस येथील, सात महिन्यांच्या अंतराने झालेल्या सर्वच मुद्रणांत एकसारखीच चूक झाली असे त्यासाठी मानावे लागते. हे मत स्वीकारण्याजोगे वाटत नाही.

संग्रहांच्या खपामुळे मालकीचा प्रश्नही उभा राहिला. पुष्कळ वर्षे चाललेल्या वादानंतर २००० मध्ये मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लॉड जॉन्सन हा गायकाचा पुत्र व वारस असल्याचा निर्णय कायम केला. त्याने आयुष्याचा बराच काळ खडी वाहणारा ट्रक चालवून काढला होता.

‘क्रॉस रोड ब्लूज’मध्ये विली ब्राउन या मित्राचे नाव येते. तो स्वतः गायक होता. त्याने १९३० मध्ये पॅरामाउंटसाठी गायिलेल्या गीतांपैकी ‘एम. अँड ओ. ब्लूज’ आणि ‘फ्यूचर ब्लूज’ ही एकाच तबकडीच्या दोन बाजूंवरील गीते आज ऐकावयास मिळतात. त्याच्या १३०९९ क्रमांकाच्या तबकडीवरील दोन्ही गीतांची नावे सूचींत नोंदलेली आहेत. तबकडी मात्र संग्राहकांनी दशकानुदशके शोधूनही हाती आलेली नाही.