इंजिनाचा दम कां गेला?

पेणहून रोह्यास जाणारा उतारू वडखळ व नागोठणें मागें टाकून भिसे खिंडीच्या चढास लागला, म्हणजे गाडीची खरी परीक्षा सुरू होते. सपाट रस्त्यावर निमूटपणें धांवणारें इंजिन चढावर आपलें दुखणें लपवूं शकत नाहीं. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ याच रस्त्यावर जुन्या पेट्रोलच्या मोटारींतून उतारूंची ने-आण करून संसार चालवितात. एके दिवशीं खिंडींत त्यांची गाडी धापा टाकूं लागली, आणि कसाबसा चढ संपल्यावरहि तिच्यांत पूर्वींचा जोर राहिला नाहीं. एका कारागिरानें बोनेट उघडलें, क्षणभर आवाज ऐकला आणि निकाल दिला : "रिंगा गेल्या, बोअर झिजला, सगळें इंजिन उतरवावें लागेल." खर्चाचा आंकडा ऐकून घरांतील माउलीनें आपल्या हातांतील बांगड्यांकडे पाहिलें. त्या बांगड्या कशा वांचल्या हें सांगतां सांगतां इंजिनाचें शास्त्रहि वाचकांस थोडें समजावून द्यावें, असा आमचा हेतु आहे.

प्रथम 'दम' म्हणजे काय तें पाहूं. सायकलच्या पंपाच्या नळीचें तोंड बोटानें बंद करून दांडा लोटला, तर आंतील हवा बोटास जोरानें ढकलते. परंतु पंपांतील चामड्याचें वायसर सुकलेलें असेल, तर हवा कडेनें निसटते व आपले श्रम व्यर्थ जातात. इंजिनांतील सिलिंडर म्हणजे ही नळी, पिस्टन म्हणजे दांडा, आणि पिस्टनभोंवतींच्या रिंगा म्हणजे तें वायसर होय. जर्मनींतील निकोलाउस ओटो यांनीं १८७६ सालीं जें चार धांवांचें इंजिन सिद्ध केलें, त्याचाच क्रम आजहि चालू आहे : हवा व पेट्रोल आंत ओढणें, तें मिश्रण दाबणें, ठिणगीनें पेटवून शक्ति मिळविणें, आणि जळलेला वायु बाहेर टाकणें. पेट्रोलच्या आधुनिक इंजिनांत हें मिश्रण साधारणपणें नऊ-दहा पट दाबलें जातें. या दाबासच कारागीर 'कॉम्प्रेशन' म्हणतात. दाब कमी पडला, कीं स्फोट दुबळा होतो आणि गाडी उचलत नाहीं. डिझेलच्या इंजिनांत तर ठिणगीचा प्लगच नसतो. पंधरा ते वीस पट दाबल्यानें तापलेली हवाच तेल पेटविते. म्हणून शेतावरील पाण्याच्या डिझेल इंजिनाचा दम गेला, कीं तें थंडीच्या सकाळीं सुरूच होत नाहीं.

आतां ही दाबलेली हवा पळते कोठून? मुख्य वाटा तीनच. पहिली, झिजलेल्या रिंगांच्या कडेनें खालीं तेलाच्या टाकींत. दुसरी, नीट न मिटणाऱ्या व्हॉल्व्हमधून. व्हॉल्व्ह जळला, त्याची बैठक झिजली, किंवा त्याची फट फार कमी ठेवली, तर हें घडतें. तिसरी, सिलिंडरचा ब्लॉक व वरील हेड यांच्यामध्यें बसविलेलें गॅस्केट जळून पडलेल्या भोंकांतून. तिन्ही दुखण्यांत गाडी एकसारखीच धापा टाकते. उपचार मात्र भिन्न, आणि खर्चहि भिन्न. म्हणूनच केवळ आवाज ऐकून दिलेला निकाल धोक्याचा.

आमच्या स्नेह्यांनीं गाडी रोह्याच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. "मिस्त्री, रिंगाच गेल्या म्हणतात," असें ते खिन्नपणें बोलले. मिस्त्री म्हणाले, "दादा, आधीं मोजूं, मग बोलूं."

त्यांनीं इंजिन बेताचें गरम करून घेतलें, ठिणगीची व पेट्रोलची जोडणी सोडविली आणि चारही प्लग काढले. पहिल्या सिलिंडरच्या भोंकांत दाब मोजण्याचें घड्याळ बसविलें. आमच्या स्नेह्यांस ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारण्यास सांगितलें, म्हणजे हवेची वाट मोकळी राहते. ती बंद असली तर चांगल्या इंजिनाचा दाबहि कमी दिसतो. बॅटरी पुरती भरलेली असावी लागते, तीहि याचसाठीं. पांच-सहा धांवांनंतर कांटा जेथें स्थिर झाला, तो आंकडा त्यांनीं खडूनें लिहिला. याप्रमाणें चारही सिलिंडर मोजले. चौरस सेंटिमीटरला किलोच्या हिशोबानें पहिल्यांत साडेअकरा, दुसऱ्यांत पांच, तिसऱ्यांत पांच व चौथ्यांत अकरा, असे आंकडे आले. पेट्रोलच्या निरोगी इंजिनांत हा दाब बहुधा साडेआठ ते साडेबारापर्यंत असतो. खरें प्रमाण गाडीच्या पुस्तकांत पाहावें. सर्वांत कमी आंकडा सर्वांत मोठ्या आंकड्याच्या पाऊणपटीखालीं गेला, तर दोष आहे असें सामान्यतः समजतात.

नंतर मिस्त्रींनीं दोन दुबळ्या सिलिंडरांत चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हां मोजलें. यांतील युक्ति ध्यानांत घेण्यासारखी आहे. तेल रिंगांच्या कडेस पसरून तेथील फट क्षणभर बुजवितें. म्हणून तेलानें दाब वाढला, तर दोष रिंगांचा वा बोअरचा. न वाढला, तर व्हॉल्व्हचा वा गॅस्केटचा. येथें कांटा जागचा हलला नाहीं. शिवाय दुबळे सिलिंडर शेजारी-शेजारी होते. तेव्हां दोहोंमधील गॅस्केटच जळून एकाची हवा दुसऱ्यांत जात असावी, असें अनुमान निघालें. चारही सिलिंडर सारखेच दुबळे असते, तर टायमिंगचा पट्टा किंवा सांखळी सरकली आहे कीं काय, हेंहि पाहावें लागलें असतें.

हेड उघडल्यावर अनुमान खरें ठरलें. दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरमधील गॅस्केटची पट्टी जळून गेली होती. पण मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहींत. गॅस्केट जळलें कां, याचा शोध घेतां रेडिएटरची एक नळी चिरलेली आढळली. पाणी झिरपून गेल्यामुळें खिंडींत इंजिन तापलें व हेड किंचित् वांकलें होतें. हेड घासून सपाट केलें, नवें गॅस्केट व नवी नळी घातली, आणि पुन्हां मोजलें तों चारही आंकडे अकराच्या पुढें. पूर्वीं सांगितलेल्या रकमेचा अल्पसा भागच खर्च झाला, व बांगड्या हातांतच राहिल्या.

विद्यार्थिमित्रांनो, हा प्रयोग जाणत्या माणसाच्या देखरेखीवांचून करूं नये. तापलेल्या रेडिएटरचें झांकण तर कदापि उघडूं नये. डिझेल इंजिनाचा दाब पेट्रोलच्या दुपटीहून अधिक असतो. त्यास घड्याळ निराळें लागतें, आणि त्यांत तेल सोडण्याची युक्ति करूं नये, कारण इंजिन मोडण्याची भीति असते. पालकांसहि आमची एक विनंति आहे : प्रवासापूर्वीं पाणी व तेल पाहावें, धुळीच्या रस्त्यावर हवेची जाळी वेळेवर बदलावी, आणि कोणी मोठा खर्च सांगितला तर नम्रपणें विचारावें, "आंकडे किती आले?" पहिल्या कारागिराच्या मनांत कपट होतें असें आम्ही म्हणत नाहीं, त्यानें मोजलें नाहीं, एवढाच त्याचा दोष. यंत्राविषयीं असो वा माणसाविषयीं असो, न मोजतां दिलेल्या निकालाची किंमत बहुधा दुसऱ्यासच भरावी लागते.