जत्रेतला राक्षस

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला फारसा खर्च नाही, असं सांगणारे अर्धवट सांगतात. प्राथमिक नियम फुकट मिळतात, फासेही परवडतात. पण टेबलावर मांडायला राक्षस लागतात. इम्पोर्टेड मिनिएचरची किंमत बघितली की फ्लॅटचा हप्ता भरणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा येतो. पुण्यात दर रविवारी आम्ही पाचजण जमतो. डंजन मास्टर मी, म्हणजे राक्षस पुरवण्याची जबाबदारी माझी.

माझा सप्लायर कवठे महांकाळ तालुक्यात आहे. आमचं गाव तिकडचं. आरेवाडीला बिरोबाची जत्रा भरते, तिथे खेळण्यांच्या गाड्यांवर प्लॅस्टिकचे प्राणी पिशवीने मिळतात. वाघ, गेंडे, डायनोसॉर, शिवाय कुठल्याच प्राण्यात न बसणारे एक-दोन नग. मी हात घालतो तो नेमका या नगांना.

नाक मुरडू नका, या खेळात हीच मूळ परंपरा आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला. त्याच्या सुरुवातीच्या काळात गायगॅक्सने हाँगकाँगमध्ये बनलेले स्वस्तातले प्लॅस्टिकचे ‘प्रागैतिहासिक’ प्राणी टेबलावर आणले. ते प्रागैतिहासिक अजिबात दिसत नव्हते. एकाच्या शेपटीला पंख्यासारखं काहीतरी होतं. तो झाला ‘रस्ट मॉन्स्टर’, तलवारी आणि चिलखतं गंजवून खाणारा. अर्धं घुबड, अर्धं अस्वल असलेला ‘आउलबेअर’ आणि जमिनीखालून येणारा ‘ब्युलेट’ही त्याच खेळण्यांतून निघाले. आज यांच्याच महागड्या मूर्ती विकत मिळतात, ही सॉलिड गंमत आहे.

आपल्याला तर हे शिकवायलाही नको. दिवाळीतला किल्ला आठवा. वर सिंहासनावर मातीचे महाराज, बुरुजावर मावळे, आणि खाली हळिवाच्या हिरवळीत मावळ्याच्या दुप्पट उंचीचा वाघ. शेजारी एखादी जीपही. स्केलवरून कधी कुणी भांडलं का?

खेळात मात्र स्केल थोडं बघावं लागतं. नकाशावरचा एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट. माणूस एका चौकोनात मावतो, मोठ्या राक्षसाला दोन बाय दोन लागतात. जत्रेतला डायनोसॉर बहुतेक वेळा बरोबर तिथे बसतो. आधी त्याला भांड्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासा, नाहीतर तेलकटपणामुळे रंग सुटतो. वाकडे पाय गरम पाण्यात बुडवून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. शिंगं, सुळे, जादाचे डोळे एम-सीलचे. स्प्रे पेंट टाळा. मऊ प्लॅस्टिकवर तो कधीकधी चिकटच राहतो. ब्रशने ॲक्रिलिक लावा, मग पातळ केलेला काळपट तपकिरी रंग खाचांमध्ये सोडा, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग फिरवा. ही शेवटची दहा मिनिटं म्हणजे निव्वळ जादू. अंगावर खवले येतात, चेहऱ्यावर राग येतो.

माझा सगळ्यात भारी राक्षस मात्र विकतचा नाही. तो गावाकडच्या पुतण्याचा, तीन पायांचा हिरवा डायनोसॉर. चौथा पाय कुत्र्याने नेला. रंगवायला त्याने परवानगी दिली, पण अट घातली, “काका, मारायचं न्हाई हां त्याला.”

आता आली पंचाईत. राक्षस दिसला की तलवार काढायची, ही आमच्या पार्टीची सवय. मी नियम जाहीर केला, याला मारता येणार नाही, कारण विचारू नका. पहिला रविवार चिडचिडीत गेला. दुसऱ्या रविवारी दिवसभर एक्सेलमध्ये डोकं घालणाऱ्या आमच्या विझार्डने त्याला विचारलं, “तुझा पाय कुणी नेला?” तिथून गोष्ट अशी काही वळली की माझी लिहून आणलेली पानं बॅगेतच राहिली. सध्या चौघंजण त्या पायाच्या शोधात दलदलीत फिरतायत.

पुतण्याचा दर रविवारी रात्री फोन येतो, “हाय न्हवं त्यो अजून?” आता फायटरला त्याच्या पाठीवर बसून जायचंय. मालकाला विचारलंय. “बघू” म्हणाला.