नकाशातला पूल

‘बिनपगारी, फुल अधिकारी!’ बदलापुरात माझी ही थट्टा रोजचीच. कारण माझा छंद. २००४ साली इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट यांनी ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा जगाचा नकाशा सुरू केला. तो कुणीही काढावा, कुणीही वापरावा. मीही उल्हास नदीकाठचे रस्ते काढू लागलो.

२०१९ च्या उन्हाळ्यात उपग्रहाचे छायाचित्र पाहून एका खेड्याकडचा पूल मी मोठ्या ऐटीत काढला. लगेच अंबरनाथच्या एका जुन्या स्वयंसेवकाचा निरोप आला, “पूल पाहिलात का? पावसाळ्यात?” पाहिला कुठे होता! म्हणूनच राग आला. गृहस्थांचे म्हणणे असे, की बिनढगांची छायाचित्रे बहुधा कोरड्या दिवसांतली. त्यांत फरशी पूल आणि उंच पूल सारखेच दिसतात. मी ‘बघू’ म्हटले नि विसरलो.

२७ जुलैला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. होड्या आणल्या, गावकरी धावले. आणि माझ्या डोळ्यांपुढे तो पूल! मदतीला निघालेला कुणी माझ्या रेघेवर विसंबून तिकडे वळला तर? त्या नकाशात प्रत्येक रेघेमागे काढणाऱ्याचे टोपणनाव राहते. तिथे माझेच होते.

पाणी ओसरल्यावर जाऊन पाहिले. फरशीच ती! दोन्ही अंगांना झाडोरा अडकलेला. ‘पुरात पाण्याखाली जातो’ अशी नोंद घालून त्यांना कळवले. उत्तर आले, “छान. आता उल्हासनगरात वालधुनीवरचे पूल पाहायला कधी येता?”